अंगावर अळवाचं पान

जुलैत राजगड चढलेल्या कुणालाही विचारा, रेनकोट घालूनही माणूस कसा भिजतो. गुंजवण्यातून निघताना चेन गळ्यापर्यंत ओढलेली असते, टोपीच्या दोऱ्या आवळलेल्या असतात. चोरदरवाज्याच्या कातळाशी पोचेपर्यंत आतला टी-शर्ट पिळून काढावा असा झालेला असतो. आयुष्यातलं पहिलं ‘ब्रीदेबल’ जाकीट घालून मी असाच वर पोचलो होतो आणि दुकानदाराच्या नावाने मनातल्या मनात बोटं मोडली होती. बाहेरून एक थेंबही आत आला नव्हता, हे फार उशिरा कळलं. ते सगळं पाणी माझंच होतं.

हेच कोडं अमेरिकेत कोलोराडोच्या रॉकी पर्वतात एल्कमागे जाणाऱ्या शिकाऱ्यापुढे जास्त बिकट होऊन उभं राहतं. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकार बंद आहे आणि ते योग्यच आहे. तिथे परवाना, ठरलेला हंगाम आणि ठरलेली संख्या अशा चौकटीत ती चालते. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोराड चुलतभाऊ, पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोंच्या पुढे जातो. त्याच्यामागे जाणारा माणूस गाडीरस्ता सोडून, तंबू आणि आठवड्याचा शिधा पाठीवर घेऊन तीन हजार मीटर उंचीवर राहतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथे सकाळी कडक ऊन, दुपारी गडगडाट आणि गारा, रात्री बर्फ असा एकाच दिवसाचा कार्यक्रम असू शकतो. तेव्हा त्याच्या सगळ्यात बाहेरच्या कपड्याने पाणी अडवायला हवं आणि घामाला वाट द्यायला हवी. तिसरी अट ट्रेकरला नसते: आवाज होता कामा नये. एल्कचे कान मोठे, आणि जंगलात नायलॉनवर फांदी घासल्यासारखा आवाज दुसरं काहीच करत नाही.

या तीन मागण्यांचं आपसात पटत नाही. सगळी गंमत त्यातच आहे.

आधी घामाचं पाहू. स्वस्थ बसलेला माणूस साधारण शंभर वॉटच्या जुन्या पिवळ्या बल्बइतकी उष्णता बाहेर टाकत असतो. पाठीवर ओझं घेऊन चढ चढायला लागला की तोच माणूस पाच-सहा बल्बांइतका तापतो. शिकाऱ्याची सकाळ नेमकी या दोन टोकांत विभागलेली असते. पहाटेच्या अंधारात तासभर उभी चढण, मग कड्यावर दोन तास निश्चल बसून दुर्बिणीने समोरची दरी न्याहाळणं. चढताना आलेला घाम बसल्यावर शत्रू होतो, कारण पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं. तिथले जुने लोक पावसाइतकंच स्वतःच्या घामापासूनही जपतात, ते यासाठी.

आता घामाला बाहेर सोडणारं पण पावसाला आत न घेणारं कापड ही मुळात अशक्य वाटणारी गोष्ट. ती शक्य झाली एका हिसड्याने. १९३८ सालच्या एप्रिलमध्ये ड्युपाँट कंपनीतल्या रॉय प्लंकेटला शीतक वायूच्या नळकांड्यात वायूऐवजी पांढरी, निसरडी भुकटी सापडली. तेच टेफ्लॉन, जे पुढे आपल्या नॉनस्टिक तव्यावर आलं. एकतीस वर्षांनी, १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये, बॉब गोर हा तरुण रसायनतज्ज्ञ त्याच पदार्थाच्या कांड्या भट्टीत तापवून ताणत होता. सावकाश, जपून ताणायचा, कांडी तुटायची. पुन्हा तापवायचा, पुन्हा तुटायची. शेवटी वैतागून त्याने एक कांडी हिसडली. ती तुटली नाही. जवळजवळ दहापट लांब झाली आणि जाडी मात्र होती तेवढीच राहिली! मग वाढलेली जागा भरली कशाने? हवेने. सूक्ष्मदर्शकाखाली तो पदार्थ म्हणजे गाठी आणि त्यांना जोडणारे अतिबारीक तंतू, कोळ्याच्या जाळ्यासारखे, आणि मधे नुसती पोकळी.

त्या पदार्थाच्या पापुद्र्यात एका चौरस इंचात नऊ अब्ज छिद्रं असतात, असं गोरची कंपनी सांगत आली आहे. मी हिशेब करून पाहिला. एका चौरस सेंटीमीटरला, म्हणजे करंगळीच्या नखाएवढ्या जागेत, सुमारे एकशे चाळीस कोटी. भारतातल्या प्रत्येक माणसाच्या वाट्याला एक भोक! पाण्याचा थेंब त्या भोकापेक्षा वीस हजारपट मोठा, वाफेचा रेणू मात्र सातशेपट लहान. वाफ निघून जाते, थेंब दारात अडकतो. जाकिटं आली १९७६ च्या सुमारास, आणि लगेच एक विघ्न उभं राहिलं: अंगाचा तेलकटपणा छिद्रांत बसला की पापुद्रा पाझरायचा. म्हणून पुढे त्याला आतून आणखी एक पातळ अस्तर द्यावं लागलं.

मग राजगडावर माझं काय चुकलं? वाफ आपणहून चालत बाहेर जात नाही, तिला ढकलावं लागतं. आत वाफेचा दाब जास्त आणि बाहेर कमी असला तरच ती निघते. घामेजल्या कातडीजवळ, पस्तीस अंशांवर, हा दाब साधारण ५६ हेक्टोपास्कल असतो. सह्याद्रीत ऐन पावसाळ्यात हवा चोवीस अंश आणि ओलीचिंब, तिचा दाब तीसच्या आसपास. ढकलायला उरले सव्वीस-सत्तावीस. कोलोराडोत पाच अंशांच्या पावसातली हवा तितकीच ओली असली तरी थंड आहे म्हणून तिचा दाब नऊच्याही खाली. ढकलायला सत्तेचाळीस. तेच जाकीट, तोच माणूस, आणि जोर जवळजवळ पावणेदोनपट! आपल्या पावसाळ्याने या जाकिटांची परीक्षा त्यांच्या निर्मात्यांना अभिप्रेतच नसलेल्या अभ्यासक्रमावर घेतली आहे. दुकानदाराचीही मी इथे माफी मागून टाकतो. अर्थात थंडीचाही एक उलटा डाव आहे. बाहेरचं कापडच इतकं गार पडतं की वाफ निसटण्याआधीच आतल्या बाजूला दव होऊन बसते. म्हणून शहाणा शिकारी एकशे चाळीस कोटी छिद्रांपेक्षा काखेतल्या एका लांब चेनवर जास्त भरवसा ठेवतो. ती उघडली की वारा खेळतो. भौतिकशास्त्र मागे पडतं आणि खिडकी पुढे येते.

पापुद्र्यावर जे कापड असतं, त्याचं कामही आपल्याला परसदारातून ठाऊक आहे. अळवाच्या पानावर पाणी टाका. पसरत नाही, गोल मणी होऊन घरंगळतं. पानावर सूक्ष्म उंचवटे आणि त्यावर मेण असतं, त्यामुळे थेंबाला टेकायला जागाच सापडत नाही. नव्या जाकिटाच्या बाहेरच्या कापडावर असाच एक रासायनिक हात दिलेला असतो. वापराने, मळाने, पाठपिशवीच्या पट्ट्यांच्या घासण्याने तो उतरतो. मग कापड पाणी पिऊन काळपट, जड होतं. पाऊस तरीही आत येत नाही; पण बाहेर पाण्याचा थर बसल्याने वाफेची वाट बंद होते, घाम आत साचतो आणि माणूस म्हणतो, जाकीट गळतंय. अशी कितीतरी चांगली जाकिटं लोकांनी टाकून दिली असतील! नीट धुवून हलक्या उष्णतेवर वाळवलं की बहुतेक वेळा अळवाचं पान पुन्हा जागं होतं. या हातासाठी वापरायची फ्लोरिनयुक्त रसायनं निसर्गात विरतच नाहीत, म्हणून कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क राज्यांनी १ जानेवारी २०२५ पासून नेहमीच्या कपड्यांत त्यांना बंदी घातली. नवे पर्याय पाणी झटकतात, तेल मात्र तितकंसं झटकत नाहीत. म्हणजे धुणं वाढलं.

उरला आवाज. वेफर्सचं पाकीट सिनेमागृहात हळू उघडायचा प्रयत्न केलाय कधी? पातळ, ताठ पापुद्रा वाकताना सलग वाकत नाही, एका घडीतून दुसऱ्या घडीत टचकन उडी मारतो. प्रत्येक उडीला एक बारीक आवाज, आणि हात हळू हलवला की त्या उड्या संपत नाहीत, नुसत्या लांबतात. पापुद्रा चिकटवलेलं घट्ट नायलॉन याच जातीचं. ते जितकं जलरोधक आणि काटक, साधारण तितकं बोलकं. लोकर किंवा खरवडून मऊ केलेलं फ्लीस वाकताना उडी मारत नाही, आणि काडी घासली तरी तो आवाज तंतूंच्या लवेत जिरतो. शिकारीसाठीच्या जाकिटांना म्हणून बाहेरून अशी लव देतात. पण लव म्हणजे पाण्याला धरायला हजार हात. जाकीट गप्प होतं आणि जड होतं.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने या पेचातून एक सुंदर वाट काढली होती. मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये लांब धाग्याच्या कापसाचं इतकं दाट कापड विणलं गेलं, की भिजल्याबरोबर सूत फुगून स्वतःच भोकं बुजवायचं. नाव व्हेंटाइल. उत्तरेच्या गोठत्या समुद्रात पडणाऱ्या वैमानिकांसाठी ते होतं. ना पापुद्रा, ना सळसळ. म्हणून पक्षी आणि प्राणी टिपणारे लोक आजही ते शोधत असतात. पण भिजलं की पुठ्ठ्यासारखं ताठ होतं आणि लवकर वाळत नाही. आठवडाभर तंबूत राहणाऱ्याला ते परवडणारं नाही.

आणि आपल्याकडची घोंगडी? दख्खनी मेंढीच्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली, डोक्यावरून खोळ करून घेतलेली. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे एक तृतीयांश वाफ ओली न वाटता पिते आणि पिताना थोडी ऊबही सोडते. घोंगडीत आवाज नाही, काखेत चेन नाही, खालून सगळं उघडं. कळपामागे दिवसभर पावसात उभं राहणाऱ्या धनगरासाठी याहून नेमका बाहेरचा थर मला सुचत नाही. मात्र ती घेऊन तीन हजार मीटरवर चढायला सांगितलं, तर मी जाणार नाही.

म्हणजे निवड कशाची करायची? माझं मत असं की कापडाआधी वेळेची. चढताना अंगावर कमीत कमी: लोकरी बनियन आणि फार तर वारा अडवणारं पातळ, मऊ कवच. किंचित थंडी वाजत निघायचं. वर बसल्यावर कोरडा जाड थर, आणि पाऊस लागलाच तर सर्वांत वर ते पापुद्र्याचं जाकीट, जे एरवी पिशवीच्या तळाशी असतं. पाऊस पडत असताना ते सळसळलं तरी चालतं, कारण तेव्हा सगळं जंगलच आवाज करत असतं. लेबलवरच्या २०,००० मिलिमीटर या आकड्याने मात्र हरखून जाऊ नये. त्याचा अर्थ, कापडावर वीस मीटर उंच, म्हणजे सहा-सात मजली, पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते पाझरत नाही. आकाशातून पडणाऱ्या पावसाला एवढा जोर कधीच नसतो. तो दाब येतो ओल्या जमिनीवर टेकवलेल्या गुडघ्याखाली आणि खांद्यावरच्या पट्ट्याखाली. आकडा पाहायचाच तर तेवढ्यापुरता.

रंगाचं काय? पानाफांद्यांच्या नक्षीवर लोक बराच पैसा खर्च करतात. हरणांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी दोनच प्रकारच्या. निळा त्यांना झकास दिसतो, तांबडा-नारिंगी नाही. कपडे जास्त पांढरेशुभ्र दाखवणारी धुण्याची पावडर त्यांच्यापुढे नक्षीपेक्षा जास्त घात करते, कारण तिच्यातली चमक निळसर असते. आणि कोलोराडोत बंदुकीच्या हंगामात कायदाच सांगतो, की कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी रंग हवा, शिवाय डोक्यावर त्याच रंगाची, सगळीकडून दिसणारी टोपी. तो रंग एल्कसाठी नाही, दुसऱ्या शिकाऱ्याच्या डोळ्यांसाठी आहे. त्यामुळे एवढ्या अभ्यासाने निवडलेल्या महागड्या जाकिटावर, सगळ्यात बाहेरचा थर म्हणून, तिथला शिकारी शेवटी एक स्वस्तातलं नारिंगी बंडी-जाकीट चढवतो.