बूट सरकला, की चेंडू भरकटतो

सुट्टीच्या दिवशी सकाळी श्रीरामपूर, राहाता किंवा संगमनेरच्या कोणत्याही मैदानावर थोडा वेळ उभे राहा. दहा-बारा पोरे गोलंदाजी करताना दिसतील. आता त्यांच्या हाताकडे न पाहता पायांकडे पाहा. एकाच्या पायात शाळेचे कॅनव्हासचे बूट असतात, दुसऱ्याच्या पायात मोठ्या भावाचे पळण्याचे बूट, तर तिसरा चक्क सँडल घालून रनअप घेत असतो. चेंडू कधी लेग स्टंपबाहेर जातो, कधी फुलटॉस पडतो. ‘मनगट नीट ठेव,’ असे सगळे ओरडतात. पायात काय आहे, हे मात्र कोणी पाहत नाही.

याच श्रीरामपुरात ७ ऑक्टोबर १९७८ रोजी झहीर खानचा जन्म झाला. छायाचित्रकाराच्या या मुलाने ९२ कसोटींत ३११ बळी घेतले आणि २०११च्या विश्वचषकात २१ बळी मिळवून भारताच्या विजयात मोठा वाटा उचलला. क्रीझजवळची त्याची ती उंच उडी आठवा. त्या उडीनंतर सगळे शरीर ज्या एका पायावर येते, त्या पायातल्या बुटाची ही गोष्ट आहे.

एका पायावर तीनशे किलो

वेगवान गोलंदाज चेंडू सोडण्याआधी पुढचा पाय जोरात जमिनीवर रोवतो. उजव्या हाताच्या गोलंदाजाचा हा डावा पाय असतो, झहीरसारख्या डावखुऱ्याचा उजवा. मैदानात दाबमापक पट्ट्या बसवून केलेल्या मोजण्यांत असे दिसले, की त्या क्षणी या पायावर शरीराच्या वजनाच्या साधारण पाच ते सात पट आघात येतो. म्हणजे साठ किलो वजनाच्या गोलंदाजासाठी तीनशे किलोंहून अधिक, आणि तोही डोळ्याची पापणी लवण्याआधी. दहा षटके टाकली तर साठ वेळा.

हा आघात निव्वळ शत्रू नव्हे, वेग त्यातूनच येतो. धावत येणारे शरीर पुढच्या पायावर अचानक थांबते आणि त्या पायावरून धड, खांदा व हात पुढे फेकले जातात. पळती सायकल दगडाला अडली, की स्वार पुढे उडतो, तसेच हे. ज्यांचा पुढचा गुडघा त्या क्षणी न वाकता ताठ राहतो, त्यांचा चेंडू अधिक वेगाने जातो, असे अभ्यासांत आढळले आहे. पण गुडघा ताठ राहायचा, तर त्याखालचा पाय जागेवर रुतला पाहिजे. बुटाचे पहिले काम हेच.

गोल्फमध्येही तत्त्व हेच आहे. गोल्फपटू जागेवरच उभा असतो, पण फटका मारताना त्याचे वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर जाते. गवतावर पाय निसटला, तर काठी चेंडूला वेगळ्या कोनात लागते आणि चेंडू भलतीकडे उडतो. गोल्फच्या बुटांना खालून दाते असतात ते म्हणूनच.

एक अंश म्हणजे एक वीत नव्हे, एक फूट

दोन्ही बाजूंच्या पॉपिंग क्रीझमधले अंतर १७.६८ मीटर असते. पाय घसरल्यामुळे किंवा घोटा आत वळल्यामुळे चेंडूची दिशा फक्त एक अंशाने बदलली, तर तो फलंदाजापर्यंत पोहोचताना सुमारे ३१ सेंटिमीटर बाजूला जातो. तिन्ही यष्ट्यांची मिळून रुंदी २२.८६ सेंटिमीटर आहे. म्हणजे मधल्या यष्टीचा नेम धरलेला चेंडू सहज बाहेर जाईल.

स्विंगचेही तसेच. शिवण थोडी तिरकी आणि स्थिर राहिली, तर चेंडूच्या दोन बाजूंवरून हवा वेगवेगळ्या ठिकाणी सुटते आणि चेंडू हवेत वळतो. ती स्थिर राहण्यासाठी सुटण्याच्या क्षणी मनगट चेंडूच्या बरोबर मागे हवे. पुढचा पाय डळमळला, की कंबर आणि खांदा त्याला सावरायला धावतात आणि मनगट तिरके होते. शिवण हवेत लडबडते, स्विंग जातो. बूट चेंडू वळवत नाही. पण प्रत्येक चेंडूला पाय त्याच तऱ्हेने पडू देतो, आणि सराव त्यामुळेच फळाला येतो.

पळण्याचा बूट का चालत नाही?

पळण्याचा बूट सरळ रेषेत पुढे जाण्यासाठी बनवलेला असतो. त्याची टाच उंच व मऊ असते. गोलंदाजीत मात्र पाय थांबतो आणि त्याच वेळी शरीर त्याच्यावर फिरते. अशा वेळी मऊ टाच एका कडेला दबते आणि घोटा मुरगळतो. गोलंदाजाच्या बुटाची टाच कडक, तळ रुंद आणि घोट्याजवळची पकड घट्ट असते. अर्थात जाडजूड बूटही नकोत. धावताना बुटाच्या वजनात दर १०० ग्रॅमची भर पडली, की शरीराला सुमारे एक टक्का जास्त ऊर्जा लागते.

तळ मैदान पाहून निवडावा. गवत-मातीच्या खेळपट्टीवर लोखंडी खिळे ठीक. सिमेंटवर किंवा मॅटवर तेच खिळे रुतत नाहीत, उलट घसरतात आणि मॅटही फाटते. तिथे रबरी दात्यांचा बूट हवा. आपल्याकडच्या काळ्या मातीची आणखी एक खोड आहे. ओली झाली की ती खिळ्यांत गच्च बसते आणि पकड जाते. काडीने ती अधूनमधून काढावी.

मापाची चूक, मणक्याला शिक्षा

‘एक माप मोठा घ्या, पुढच्या वर्षीही येईल.’ दुकानात हे वाक्य बहुतेक पालक बोलतात. खर्च पाहता ते समजण्यासारखे आहे. पण सैल बुटात पाय पुढे सरकतो, अंगठा टोकावर आदळतो, नख काळे पडते. मग मूल नकळत पाय वेगळ्या कोनात टाकू लागते आणि त्याचा ताण कमरेवर येतो.

वाढत्या वयातल्या वेगवान गोलंदाजांत कमरेच्या खालच्या मणक्याला बारीक चीर पडण्याचे प्रमाण मोठे आहे. ही चीर बहुधा गोलंदाजीच्या हाताच्या विरुद्ध बाजूला पडते. जसप्रीत बुमराहसारख्या खेळाडूलाही २०१९मध्ये अशाच दुखापतीने खेळापासून दूर ठेवले होते. एकट्या बुटाने ही चीर पडत नाही आणि चांगल्या बुटाने ती हमखास टळतही नाही. अति गोलंदाजी आणि सदोष शैली ही मोठी कारणे आहेत. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाच्या सूचनांत १३ वर्षांखालील मुलांसाठी सलग ५ आणि दिवसात १० षटकांची मर्यादा आहे. आपल्याकडे सुट्टीत मुले ती सकाळीच ओलांडतात.

म्हणून पालकांनी एवढे करावे. बूट संध्याकाळी, खेळाचे मोजे घालून मापावेत; अंगठ्यापुढे साधारण अर्ध्या बोटाची जागा असावी आणि टाच उचलली जाऊ नये. तळ एका बाजूला झिजला असेल, तर बूट बदलावा. आणि कमरेत एकाच बाजूला दुखत असेल, मागे वाकल्यावर ते वाढत असेल, तर मलम चोळत बसू नये. गोलंदाजी थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. सुरुवातीची चीर साध्या एक्स-रेमध्ये अनेकदा दिसत नाही, एमआरआय लागतो. वेळेत सापडली, तर बहुतेक मुले काही महिन्यांच्या विश्रांतीनंतर पुन्हा धावू लागतात.

पुढच्या वेळी पोराचा चेंडू लेग स्टंपबाहेर गेला, तर मनगटावरून रागावण्याआधी खाली वाकून त्याचा बूट पाहा. लेस सुटली नाही ना, एवढे तरी नक्की कळेल.