मनगट धरल्यावर

माझी पुतणी नववीत आहे. लोह्यात एका मैदानावर संध्याकाळी कराटेचा वर्ग भरतो, तिथं ती जाते. पिवळा पट्टा मिळाला त्या दिवशी घरी आल्या आल्या म्हणाली, "काका, माझं मनगट धरा. कसं सोडवून घेते बगा."

मी धरलं. वर्गातली मैत्रीण धरते तसं हलक्या हातानं नव्हे. तालमीत समोरच्याला आपल्याकडं खेचण्यासाठी धरतात तसं घट्ट, आणि धरल्याबरोबर ओढलंही. तिनं शिकवलेला झटका दिला. हात सुटला नाही. पुन्हा दिला, पुन्हा नाही. तिचा चेहरा उतरलेला पाहून मी हात सोडला. गावोगाव आईबाप पोरींना "स्वसंरक्षणासाठी" म्हणून कुठल्या ना कुठल्या वर्गाला घालतात, ते मला मनापासून आवडतं. पण त्या वर्गात नेमकं काय हाताला लागतं, हा प्रश्न त्या संध्याकाळपासून सुटत नाही.

माझा ओढा कुस्तीकडं आहे, हे आधीच सांगून टाकतो. माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत, मार्गशीर्षाच्या थंडीत, थोरल्या काकांच्या खांद्यावर बसून मी पहिली दंगल पाहिली. माळेगाव आमच्याच लोहा तालुक्यातलं. जत्रेत घोडे, गाढवं, उंट विकायला येतात, लावणीचे फड लागतात आणि कुस्त्यांचं मैदान भरतं. नारळावरच्या पोरासोरांच्या कुस्त्या आधी, नावाजलेल्या पैलवानांच्या शेवटी. काका पैलवानाच्या दंडाकडं बघत नसत, पायाकडं बघत. "पाय कुठं पडलालेत ते बग, मग कोण पडणार ते कळतंय," असं म्हणत. स्वसंरक्षणाचा पहिला धडा मला वाटतं तोच. अचानक धक्का बसला, कुणी अंगावर आलं, तर उभं राहता येतं की नाही, हे पाय ठरवतात.

कुस्तीच्या बाबतीत आपल्या भागाला मोठा वारसा आहे. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले. पुढच्याच वर्षी एडिनबर्गच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकलं आणि १९७२ साली रुस्तुम-ए-हिंद झाले. त्यांच्या हाताखाली लातूर जिल्ह्यातले काका पवार घडले. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीत महाराष्ट्र केसरीची शेवटची लढत झाली, तेव्हा नाशिककडून हर्षवर्धन सदगीर आणि लातूरकडून शैलेश शेळके समोरासमोर होते. दोघंही काका पवारांचेच पठ्ठे. निकाल लागल्यावर जिंकलेल्या सदगीरनं शेळकेला खांद्यावर उचलून घेतलं. ते चित्र मला फार मोलाचं वाटतं. ज्याच्याशी रोज पहाटे पूर्ण ताकदीनं झोंबायचं, त्याच्याविषयी मनात वैर राहत नाही.

पूर्ण ताकदीनं झोंबायचं, हीच कुस्तीची खरी शिदोरी. हळद, तेल, ताक घालून मळलेल्या लाल मातीत पोरगा रोज कुणाला तरी धरतो आणि कुणीतरी त्याला धरतं. समोरचा खरोखर सुटू बघतो, खरोखर पाडू बघतो. एकेरी पट, ढाक, कलाजंग, धोबीपछाड ही नावं नंतरची. त्याआधी अंगाला एक गोष्ट कळते, की दुसऱ्या माणसाचं वजन आपल्यावर पडलं तरी श्वास घेता येतो आणि डोकं चालवता येतं. हल्ला झालेली माणसं बऱ्याचदा जागच्या जागी थिजतात. धरलं जाण्याची सवय असलेलं अंग थिजण्याची शक्यता कमी असते, असा माझा अनुभव आहे.

कुस्तीत उणिवाही आहेत. ठोसा नाही, त्यामुळं तोंड झाकायची सवय लागत नाही. चितपट टाळण्यासाठी पैलवान पालथा होतो, जमिनीला चिकटतो. आखाड्यात ते शहाणपण, पण रस्त्यावर पाठ देऊन पालथं पडणं घातक. आणि समोर तिघं असतील तर एकाला धरून बसणं म्हणजे उरलेल्या दोघांना मोकळं रान देणं. डांबरी रस्ता म्हणजे मातीही नव्हे. तिथं मारलेली धोबीपछाड एखाद्याचा जीव घेऊ शकते.

ज्यूदोची गोष्ट कुस्तीच्या लगोलग सांगितली पाहिजे, कारण जिगोरो कानो या जपानी शिक्षकानं नेमका पूर्ण ताकदीनं झोंबण्याचाच विचार केला होता. अंगानं लहानखुरा असलेल्या कानोनं जुन्या जुजुत्सूच्या शाळांत शिक्षण घेतलं आणि १८८२ साली तोक्योतल्या एका बौद्ध मंदिरात बारा चटयांच्या जागेत कोदोकान सुरू केलं. जुन्या विद्येतले ठोसे, लाथा, जीवघेणे प्रकार त्यानं नुसत्या ठरीव हालचालींपुरते ठेवले. उरलेल्या फेकी आणि पकडी शिष्यांनी एकमेकांवर मोकळेपणानं, जोर लावून करायच्या. वरवर पाहता त्यानं विद्या सौम्य केली. पण डोळ्यात बोट घालण्याचा सराव कुणावर करणार? तो कायम हवेतच राहतो. जी गोष्ट रोज खऱ्या विरोधासमोर करता येते, तीच ऐन वेळी हाताला येते. शिवाय ज्यूदोत पहिले काही आठवडे पडायला शिकवतात. गाडीवरून घसरलं, ओल्या ओट्यावरून पाय निसटला, तरी ते शिक्षण कामी येतं. आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला हल्लेखोर कधीच येणार नाही, पडणं मात्र नक्की येईल.

आता कराटे आणि तायक्वांदो. आपल्या तालुक्यांच्या गावी हेच वर्ग सहज सापडतात. ओकिनावा बेटावरचं कराटे गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ साली तोक्योत दाखवलं आणि तिथून ते जगभर गेलं. अंतर राखणं, हात वर ठेवणं, पोटातून आवाज काढणं या तीन गोष्टींसाठी मी कराटेला मान देतो. तायक्वांदोची लाथ लांबून पोचते आणि पायात चपळाई आणते, पण साडी नेसून किंवा बसच्या गर्दीत उंच लाथ मारता येत नाही. दोन्हीकडं खरा प्रश्न शैलीचा नसतो. वर्गात ओळीनं उभं राहून हवेत ठोसे मारून घेतात, की संरक्षक साधनं चढवून समोरासमोर उभं करतात, ते आईबापांनी तासभर थांबून बघावं. पट्ट्याचा रंग त्यानंतर विचारावा. माझ्या पुतणीला शिकवलेली युक्ती चुकीची नव्हती. पकडणाऱ्याचा अंगठा आणि बोटं जिथं भेटतात ती फट कमजोर असते, तिकडूनच हात काढायचा. पण तो पकड बसायच्या आत, कोपर वाकवून, सगळं अंग वळवून काढावा लागतो. नुसत्या मनगटाच्या झटक्यानं मोठा माणूस सोडत नाही.

गतका म्हणजे शिखांची शस्त्रकला; नांदेडला वाढलेल्यांना ती वेगळी सांगावी लागत नाही. १७०८ साली गुरू गोविंदसिंगजींनी नांदेडला देह ठेवला. त्यांच्या स्मृतीत उभ्या असलेल्या हजूर साहिबच्या परिसरात दसऱ्याला आणि होळीच्या दिवसांत मिरवणुकीपुढं सोटी आणि फरी घेऊन पैंतरे घेणारी पोरं मी लहानपणापासून पाहत आलो. कोल्हापूरच्या मर्दानी खेळातली लाठी आणि दांडपट्टा यांचंही गतक्याशी नातं आहे. हत्याराआधी पाऊल, हे दोन्हीकडचं सूत्र. २०२३ साली गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत गतका आला. त्याच्या पुढच्या वर्षी दांडपट्ट्याला महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून मान मिळाला. रोजच्या जगण्यात तलवार कुणाकडं नसते, पण शेतावर काठी असते, हातात छत्री असते. काठी फिरवता येणाऱ्या माणसापासून कुत्रं आणि दारुडा दोघंही लांब राहतात. सुऱ्यासमोर मात्र कुठलीच कला खात्री देत नाही. जे पाहिजे ते देऊन पळावं, असंच कुठलाही प्रामाणिक वस्ताद सांगेल.

या सगळ्या तुलनेत एक मोठी गोष्ट निसटते. आपण डोळ्यांपुढं अंधाऱ्या बोळातला अनोळखी माणूस आणतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे वर्षानुवर्षं दुसरंच सांगतात: बलात्काराच्या नोंदवलेल्या दहापैकी नऊहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र. त्याच्यावर पहिला ठोसा उगारायला हात धजत नाही, कारण लाज, भीड, घरचं नाव आड येतं. कॅनडात शार्लिन सेन आणि सहकाऱ्यांनी तीन विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनींवर अभ्यास केला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलींना बारा तासांचं शिक्षण दिलं: धोका ओळखणं, ओळखीच्या माणसालाही स्पष्ट नाही म्हणणं, ओरडणं आणि अंगानं प्रतिकार करणं. उरलेल्यांना फक्त माहितीपत्रकं. वर्षभरात माहितीपत्रकवाल्या गटात बलात्काराचं प्रमाण ९.८ टक्के होतं, शिकलेल्या गटात ५.२. बारा तासांत कुणी पैलवान होत नाही. भीड मोडायला शिकवलं, त्याचा हा गुण.

कायदाही पोरींना सांगून ठेवावा. भारतीय न्याय संहितेच्या ३४व्या कलमापासून स्वसंरक्षणाचा हक्क मांडला आहे. बलात्काराच्या इराद्यानं झालेल्या हल्ल्यात तो हल्लेखोराचा जीव जाईपर्यंत पोचतो. पण बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही. तो पळू लागला की आपलं काम संपलं. मग ११२ लावायचा.

पुतणीचं कराटे मी बंद केलं नाही. फक्त गेल्या महिन्यात ओळखीच्या तालमीतल्या वस्तादांकडं गेलो. पोरींना घेता का, म्हणून विचारलं. २०२३ साली सांगलीला पहिल्या महिला महाराष्ट्र केसरीची गदा प्रतीक्षा बागडीनं उचलली, हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं. तरी बराच वेळ ते मातीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "पोरांचं साडेसहाला उरकतंय. सातला पाठवा. एकटी नको, जोडीला अजून एक पोरगी पायजे, न्हाई तर झोंबणार कुणाशी? अन् दोघींनाबी नखं कापून यायला सांगा."