बीजीव्हीचा रिपोर्ट ‘अंबर’ आला तर?

आज बोलूया बीजीव्हीमधल्या क्रिमिनल चेकबद्दल.

कंपनी हे काम बहुतेक वेळा बाहेरच्या एजन्सीला देते. एजन्सी तुमचं नाव, वडिलांचं नाव, पत्ता घेऊन कोर्टाच्या रेकॉर्डमध्ये शोधते. ई-कोर्ट्सवर नावाने केस सापडते, पण जन्मतारीख दिसत नाही. घोळ होतो तो इथेच. माझ्याच नावाच्या कुणावर तरी मारामारीची केस होती आणि माझा रिपोर्ट ‘अंबर’ आला. जुन्या नोकरीचा राजीनामा देऊन झालेला, जॉइनिंग अडकलं. आईला काय सांगू तेच कळेना.

मग एचआरकडून केस नंबर मागितला आणि एफआयआरची प्रत मिळवली. त्यात वडिलांचं नाव, वय दोन्ही वेगळं. ती प्रत आणि पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र जोडलं. बारा दिवसांनी रिपोर्ट हिरवा झाला.

आणि केस खरंच तुमच्यावर असेल तर? एफआयआर म्हणजे शिक्षा नव्हे. फॉर्ममध्ये ‘केस चालू आहे का’ विचारलंय की ‘शिक्षा झाली आहे का’, ते नीट वाचा आणि खरं तेच लिहा. सरकारी नोकरीबाबत सुप्रीम कोर्टानेही 2016 च्या अवतार सिंग निकालात हेच बजावलं: माहिती लपवू नका.