कातळावरचा हंगाम

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले, की थोड्याच वेळात कर्नाळ्याचा तो प्रसिद्ध अंगठा दिसू लागतो. एस.टी.तल्या बहुतेक प्रवाशांनी तो शेकडो वेळा पाहिलेला असतो. कोणी मांडीवरच्या लहानग्याला बोट करून दाखवतो, कोणी डुलकी काढतो. पण त्याच अंगठ्याकडे पाहून ‘यंदा मोहोळ कोणत्या अंगाला बसले आहे?’ असे मनाशी विचारणारा एखादा प्रवासीही त्याच गाडीत असतो. हा प्रस्तरारोहक, म्हणजे साध्या बोलीत कातळ चढणारा माणूस. त्याचे वर्ष तुमच्या-आमच्यासारखे चैत्रात सुरू होत नाही. शेतातला भात कापणीला आला, की याचा हंगाम उगवतो, आणि मृगाचा पाऊस पडला, की मावळतो. श्रोतेहो, आज या हंगामाविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत.

खेळाचा हंगाम म्हटला म्हणजे पहिल्यांदा बर्फाचे देश आठवतात. नॉर्वेत टेलेमार्क नावाचा प्रांत आहे. तिथल्या मोर्गेदाल या खेड्यात १८२५ साली सोंद्रे नूरहाइम नावाचा एक माणूस जन्मला. गरीब कूळ, पण पायाला लाकडी पट्ट्या, म्हणजे स्की, बांधून बर्फावरून घसरण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. १८६८ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, तो राजधानीत स्पर्धेला उतरला आणि शहरी लोकांना थक्क करून जिंकून आला. टेलेमार्क रीतीत पायाचा चवडा पट्टीला बांधलेला असतो, टाच मोकळी असते. वळताना एक गुडघा वाकवून, नमस्काराला बसल्यासारखे खाली जावे लागते. ही मोकळी टाच मोठी उपयोगाची. तिच्यामुळे उतरता येते तसे चढताही येते. म्हणून टेलेमार्कवाला काही दिवस आखलेल्या उतारावर, घड्याळ लावून, फाटकांमधून स्पर्धा खेळतो. आणि उरलेल्या दिवसांत जिथे फाटकही नाही आणि घड्याळही नाही, अशा आडरानातल्या डोंगरांवर निघून जातो.

आपल्याकडे बर्फ नाही, कातळ आहे. पण हंगामाचे हे दोन भाग आपल्या कातळवाल्यालाही चुकलेले नाहीत. एक भाग स्पर्धेचा, दुसरा रानातला. आणि गंमत अशी, की एकात जे गुण कमवावे लागतात त्यांतले काही दुसऱ्यात चक्क विसरावे लागतात.

आधी स्पर्धेचा भाग पाहू. पनवेलकरांना तो फार लांब शोधायला नको. १९५४ साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘गिरिविहार’ या संस्थेने बेलापूरच्या टेकडीवरील खडकांवर चढाईच्या स्पर्धा भरवल्या आणि पुढे २०१६ व २०१७ या दोन वर्षी जागतिक चषकमालिकेतली बोल्डरिंगची फेरी नवी मुंबईत आणली. जगभरचे नामांकित आरोहक मे-जूनच्या घामट हवेत आपल्या शेजारी येऊन चढून गेले, आणि आपल्यापैकी बहुतेकांना त्याचा पत्ताही लागला नाही. असो.

बोल्डरिंग म्हणजे काय? माणसाच्या दुप्पट-अडीचपट उंचीची भिंत. तिच्यावर रंगीबेरंगी खुंट्या आणि फुगवटे स्क्रूने बसवलेले. दोर नाही, खाली जाड गाद्या अंथरलेल्या. खुंट्यांच्या अशा एका मांडणीला ते लोक ‘प्रश्न’ म्हणतात, आणि तो खरोखर प्रश्नच असतो. तो स्पर्धकाला आधी पाहू देत नाहीत. दुसरा कसा चढला हे दिसू नये म्हणून त्याला वेगळ्या खोलीत बसवून ठेवतात. नाव पुकारले, की बाहेर यायचे, हाताला पांढरी भुकटी चोळायची, भिंतीकडे नीट पाहायचे आणि मोजक्या चार-पाच मिनिटांत उत्तर काढायचे. पडला तर गादीवर पडतो, उठतो, पुन्हा चढतो. इथे पडणे हा खेळाचाच भाग आहे. जो पडायला भितो तो या खेळात पुढे जात नाही. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, जे २०२१ साली पार पडले, या चढाईला प्रथमच स्थान मिळाले. तेव्हापासून आपल्याकडची पोरेही बोटांच्या टोकांवर लोंबकळण्याचा सराव मोठ्या हौसेने करू लागली आहेत. चांगली गोष्ट आहे.

आता तोच मुलगा, त्याच बोटांनिशी, कर्नाळ्याच्या अंगठ्याखाली येऊन उभा राहतो. उंची म्हणाल तर सुमारे सव्वाशे फूट. त्याच्या पायथ्याला कातळात खोदलेली पाण्याची टाकी आणि कोठ्या आहेत. भिंतीवरचा प्रश्न सोडवणाऱ्याला हा सुळका सोपाच वाटतो. पकडी भरपूर, पाय ठेवायला जागा भरपूर. पण इथे एक गोष्ट निराळी आहे. भिंतीवरची खुंटी कोणीतरी स्क्रूने घट्ट बसवलेली असते. इथली कोणी बसवलेली नाही.

आपला सह्याद्री कसला बनला आहे, हे थोडे समजून घेतले पाहिजे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतल्या भेगांमधून लाव्हा बाहेर आला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. त्याचे थर पोळ्यांच्या चवडीसारखे एकावर एक निजले. त्यांतले काही कठीण बेसॉल्टचे, काही भुसभुशीत. मध्येच तांबड्या मातीसारखा एखादा पातळ थर. पावसाने मऊ थर आधी खाल्ले आणि कठीण थर कड्यांच्या रूपाने उभे राहिले. म्हणून आपल्या डोंगरांना दुरून पाहिले तर पायऱ्या-पायऱ्या दिसतात: एक कडा, मग गवताची पट्टी, पुन्हा कडा. चढणाऱ्याला यातून दोन संकटे मिळतात. कठीण कातळाला उन्हापावसाने उभ्या-आडव्या चिरा पडलेल्या असतात. त्यामुळे दिसायला मजबूत असा भलामोठा तुकडा कपाटाच्या खणासारखा अलगद हातात येऊ शकतो. आणि मधल्या पट्ट्यांवरचे गवत दिवाळीनंतर वाळून इतके निसरडे होते, की चढलेला कडा बरा, पण हा घसारा नको, असे जुनी माणसे म्हणतात.

तेव्हा इथली पहिली शिकवण ही, की पकड धरण्याआधी ती वाजवून पाहायची. बोटांच्या पेरांनी ठोकायचे. भरीव आवाज आला तर ठीक. बाजारात मडके घेताना आपण टिचकी मारतो ना, तसेच. फरक इतकाच, की इथे पोकळ आवाज नको असतो. पकडीवर भार टाकायचा तो खालच्या दिशेने. हिसका मारून बाहेर ओढायचे नाही. भिंतीवर झेप घेऊन पकड गाठणाऱ्या मुलाला ही सबुरी अंगी बाणवायला अख्खा एक हंगाम लागतो.

दुसरी गोष्ट दोराची. पुष्कळ लोकांची समजूत अशी, की दोर वरून कोणीतरी सोडलेला असतो आणि चढणारा त्याला धरून चढतो. तसे नव्हे. आघाडीवर चढणारा दोर खालूनच, कमरेच्या पट्ट्याला बांधून, वर नेत असतो. वाटेत तो कातळात मेख ठोकतो किंवा चिरेत पाचर अडकवतो आणि तिच्यातल्या कडीतून दोर ओवून पुढे सरकतो. खाली उभा असलेला साथीदार दोर हात-दोन हात सोडत राहतो. समजा, शेवटच्या मेखेपासून हा दहा फूट वर गेला आणि हात सुटला. मग तो दहा फूट नव्हे, वीस फूट पडतो: मेखेपर्यंतचे दहा आणि मेखेखालचे दहा. वर दोर ताणला जातो ते वेगळेच. तो ताणला जावा असाच बनवलेला असतो. नाहीतर झटक्याने कंबर मोडेल. हा हिशेब ज्याला उभ्या कड्यावर तोंडपाठ आहे, तो पुढची मेख केव्हा ठोकायची ते बरोबर ओळखतो.

आणि या मेखांचे एक दुखणे आहे. प्रसिद्ध सुळक्यांवर पूर्वीच्या चढणाऱ्यांनी ठोकलेल्या मेखा नि बोल्ट तसेच राहिलेले असतात. नवख्याला त्या देवासारख्या भेटतात. पण आपल्याकडे पाऊस शंभर-शंभर इंच पडतो, खाडीवरचा खारा वारा येतो. बाहेरून धड दिसणारे लोखंड आत गंजून पोकळ झालेले असते. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, ही म्हण इथे उलटी लागू पडते. पुढच्याच्या मेखेवर आंधळा विसंबला तर मागच्यालाच ठेच लागते. जुनी मेख पाहिली, हातोडीने ठोकली, हलवून बघितली आणि तरी शेजारी आपली एक नवी ठोकली, अशा माणसाच्या दोराला मी डोळे मिटून बांधून घेईन. भिंतीवर तो किती झटपट चढतो, हे मी विचारणार नाही.

तिसरे प्रकरण आग्या मोहोळाचे. कर्नाळ्याचा अंगठा म्हटला, की मोहोळ आलेच. ही पोळी उघडी असतात, कड्याच्या पोटाखाली लोंबतात आणि एकेका पोळ्यावर हजारो माशा असतात. या माशीने डंख केला, की त्या जागी एक वास सुटतो. पिकल्या केळ्यासारखा म्हणतात. तो वास म्हणजे बाकीच्या माशांना आरोळीच. मग एका डंखाचे शंभर व्हायला वेळ लागत नाही, आणि दोराला लटकलेला माणूस पळणार कुठे? म्हणून धूर नाही, अत्तर नाही, आरडाओरडा नाही, दगड ढकलणे तर मुळीच नाही. आणि मोहोळ वाटेवर असेल तर त्या दिवशी सुळक्याला खालूनच नमस्कार. शिवाय कर्नाळा हे १९६८ पासून पक्षी-अभयारण्य आहे. तिथे वनखात्याचे नियम पाळायचे, हे ओघाने आलेच. पहाटे तिथल्या झाडीत शीळ घालणारा कस्तूर ऐकू येतो. तो ऐकला तरी फेरी फुकट गेली असे वाटत नाही.

हंगामाची चढती भाजणी साधारण अशी असते. दसऱ्याच्या सुमारास गवत उंच, ऑक्टोबरचे ऊन कडक. तेव्हा नुसत्या पायी वाटा धुंडाळायच्या: प्रबळगड, माथेरानच्या धारा, पेब. प्रबळमाचीवरून कलावंतिणीच्या सुळक्यावर जाणाऱ्या कातळात खोदलेल्या पायऱ्या याच दिवसांत नीट दिसतात. त्या चढायला दोर लागत नाही, आणि म्हणूनच तिथे भलती गर्दी लोटते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे खरे दिवस. कातळ कोरडा, हवा थंड, दिवस लहान. होळीनंतर दुपारी कातळाला हात लावला तर चटका बसतो, तेव्हा पहाटे चढून दहाच्या आत उतरायचे. जूनमध्ये दारे बंद. मग पावसाळाभर भिंत, बोटांचा व्यायाम आणि स्पर्धेची तयारी.

दारे बंद म्हणतो, ते उगीच नव्हे. आमच्या पूर्वेला इर्शाळगड आहे. माथ्याजवळ कातळाला आरपार भोक असलेला, दुरून ओळखू येणारा. त्याच्या अंगावर इर्शाळवाडी ही ठाकरांची वस्ती होती. गडावर जाणारे तिथे पाणी पीत, वाट विचारीत, कधी ओसरीवर मुक्काम करीत. १९ जुलै २०२३ च्या रात्री, मुसळधार पावसात, वरचा डोंगर त्या वाडीवर आला. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसे बेपत्ता म्हणून नोंदली गेली. गाडी जाईल असा रस्ता नव्हता; यंत्रे वर नेता येईनात. तेव्हा निसरड्या वाटेने अंधारात जे वर पोहोचले त्यांत सरकारी पथकांबरोबर या भागातले गिर्यारोहकही होते. त्या वाटा त्यांना ठाऊक होत्या, कारण दर हंगामात ते त्याच वाटांनी गेले होते, आणि त्या वाटा त्यांना दाखवल्या होत्या वाडीतल्याच माणसांनी. कातळ चढणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, असे म्हणणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावे.

धोका अनुभवी माणसालाही सोडत नाही. सह्याद्रीत उभी हयात घालवलेले अरुण सावंत जानेवारी २०२० मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर मृत्यू पावले. हे भीती घालायला सांगत नाही. मैदानातल्या स्पर्धेत सर्वांत वर कोण गेला हे विचारतात. डोंगरात संध्याकाळी सगळे खाली आले का, हे आधी विचारतात. म्हणून अनुभवी संघात माघारीची वेळ सकाळीच ठरते. बारा वाजता जिथे असू तिथून फिरायचे, असे ठरले म्हणजे ठरले. मग माथा वीस फुटांवर का असेना! नवख्याला हे फार जड जाते. भिंतीवर त्याला शेवटच्या सेकंदापर्यंत झुंजायला शिकवलेले असते, त्याला तो तरी काय करणार?

मे अखेरीस ढग जमू लागले, की सामान आवरायला घेतात. दोर साध्या थंड पाण्यात धुवायचा आणि सावलीत वाळवायचा, उन्हात कधीच नाही. मग संघातले सर्वांत जुने माणूस ओसरीवर बसून तो सबंध दोर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, चिमटीतून इंच-इंच सरकवते. कुठे मऊ लागला, कुठे गाठ आल्यासारखा लागला, की तिथे खूण करते. असा दोर पुन्हा कड्यावर नेत नाहीत. त्याचे तुकडे करून कोणाच्या गाईला दावे म्हणून, कोणाच्या विहिरीला राहाटाला म्हणून देऊन टाकतात, आणि नव्या दोराची वर्गणी काढायला सुरुवात होते.