तामणाची पाण्यातली धाकटी बहीण

तामण हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प. उन्हाळ्यात जांभळ्या-गुलाबी झुपक्यांनी लगडलेला हा वृक्ष अनेकांच्या ओळखीचा आहे. त्याच्या कुळात मेंदी आहे, डाळिंब आहे, डोंगरउतारावरची धायटी आहे आणि तळ्यातला शिंगाडासुद्धा आहे. याच कुळात रोटाला नावाची लहानखुऱ्या, पाणथळ वनस्पतींची एक प्रजाती आहे. लिनियसने १७७१ मध्ये तिला हे नाव दिले. ‘रोटा’ म्हणजे चाक. पेराभोवती चाकाच्या आऱ्यांसारखी पसरलेली पाने पाहून ते सुचले. पावसाळ्यात कासच्या पठारावर आणि कोकणातल्या सड्यांवर उथळ पाणी साचते, तिथेही रोटालाच्या काही जाती वाढतात.

घरच्या काचेच्या टाकीत पाणवनस्पती वाढवणाऱ्याचा जीव जडतो तो मात्र रोटाला मॅक्रँड्रावर. ही मूळची दक्षिण भारतातली. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ एमिल केने याने १८८० मध्ये तिला नाव दिले. तिचे पान पाण्याखाली मद्यासारखे गडद लाल होते, आणि खोड इतके मऊ की चिमटा जरा जोरात दाबला तरी चेंगरते.

हा नाजूकपणा म्हणजे अशक्तपणा नव्हे. जमिनीवरच्या झाडाला स्वतःचे ओझे पेलायचे असते, वारा सोसायचा असतो, पाणी उडून जाऊ नये म्हणून पानावर मेणाचा थर चढवायचा असतो. पाण्याखाली यातले काहीच करावे लागत नाही. भार पाणीच उचलते. म्हणून खोडात लाकूड जवळजवळ नसते, त्याऐवजी हवेच्या बारीक पोकळ्या असतात. पान पेशींच्या मोजक्या थरांचे, विलक्षण पातळ होते.

पातळ होण्याचे आणखी एक कारण आहे, आणि मला ते सर्वांत मोलाचे वाटते. कार्बन डायऑक्साइड हवेत जितक्या सहज पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजार पट सावकाश तो पाण्यात पसरतो. पानाला चिकटून राहिलेला स्थिर पाण्याचा थर ओलांडतानाच त्याची दमछाक होते. हवेशी समतोल साधलेल्या एक लिटर पाण्यात हा वायू जेमतेम अर्धा-पाऊण मिलिग्रॅम असतो. अशा टंचाईत जाड पानाच्या आतल्या पेशी उपाशीच राहतील. हायड्रिलासारख्या वनस्पती पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन मिळवतात, पण हा मार्ग सगळ्यांना खुला नसतो.

म्हणूनच अशी रोपे जपणारे लोक सिलिंडरमधून टाकीत कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि त्याचे प्रमाण लिटरला २० ते ३० मिलिग्रॅमपर्यंत नेतात. हे प्रमाण टाकीच्या काचेला आतून चिकटवलेल्या छोट्या काचपात्रातल्या द्रावणाच्या रंगावरून कळते: निळे असेल तर वायू कमी, हिरवे असेल तर पुरेसा, पिवळे झाले तर जास्त. पिवळ्या रंगाकडे दुर्लक्ष करू नये, कारण मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. दिवा बंद झाला की झाड हा वायू ओढायचे थांबवते, म्हणून रात्री सिलिंडर बंदच ठेवावा.

दुकानातून आणलेली जुडी पाहून नवख्याची पहिली फसगत होते. अनेक रोपवाटिकांत ही रोपे पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात. ती पाने हवेसाठी घडलेली असतात. टाकीत बुडाली की आठ-पंधरा दिवसांत पारदर्शक होऊन विरघळायला लागतात. झाड मेले असे समजून कितीतरी जण ते फेकून देतात. शेंडा मात्र शाबूत असेल तर तिथून नवी पाने फुटतात आणि ती पाण्यासाठीच घडलेली असतात. एकच झाड दोन देह धारण करू शकते. ज्याने खाली जुन्या पानांचा हिरवट सडा आणि वर लालसर कोवळा कोंब एकाच दिवशी पाहिला आहे, त्याला हे पुन्हा सांगावे लागत नाही.

जुडीला बांधलेली शिशाची पट्टी आणि स्पंज घरी आणताच काढून टाकावेत, त्यांच्या दाबाने खोड कुजते. मग खालच्या दोन पेरांची पाने खुडून एकेक कांडी लांब चिमट्याने वाळूत खोचायची, दोन कांड्यांमध्ये बोटभर अंतर ठेवून. अंतर न ठेवल्यास खालच्या पानांना उजेड मिळत नाही आणि वर झुपका, खाली उघडे काळे दांडे असे दिसते. वाळूत गेलेल्या पेरांतून मुळे फुटतात. ऊस लावणाऱ्याला पेरावरच्या डोळ्याचे महत्त्व सांगायला नको, इथेही तेच आहे. शेंडा खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. तो छाटला की बगलेतले डोळे जागे होतात आणि एकाच्या जागी दोन फुटवे येतात. छाटलेला शेंडा पुन्हा लावायचा. डच हौशी लोकांनी अशाच छाटणीतून टाकीत पुढून मागे चढत जाणाऱ्या रोपांच्या ‘गल्ल्या’ रचल्या.

पाणी मात्र मऊ हवे. देशावरच्या बोअरचे जड पाणी मॅक्रँड्राला मानवत नाही, त्यात आरओचे पाणी मिसळावे लागते. लोह कमी पडले की कोवळा शेंडा फिकट पडतो.

सगळे जमून आले की दुपारनंतर पानांवर मोत्यासारखे बुडबुडे धरतात. पाण्यात आणखी ऑक्सिजन मावेनासा झालेला असतो. १७७९ मध्ये यान इंगेनहाउसने पाण्यात बुडवलेल्या पानांवरचे असेच बुडबुडे पाहून दाखवून दिले, की झाडाचे ऑक्सिजन सोडण्याचे काम उजेडातच चालते, अंधारात थांबते. पुढे जगदीशचंद्र बोस यांनी हायड्रिलाच्या बुडबुड्यांची आपोआप नोंद करणारे यंत्र बनवले आणि १९२४ मध्ये प्रकाशसंश्लेषणावर ग्रंथ लिहिला.

कधी छाटणी लांबली तर एखादा शेंडा पाण्याची पातळी ओलांडतो. हवा लागताच पुढचे पान जाड, राठ आणि हिरवट येते. ते कापू नये. तसेच राहू दिले तर त्या टोकाला इवल्या गुलाबी फुलांचा तुरा येतो. पाण्याखाली मात्र याच खोडाची पाने अजून लालच असतात.