शिवणयंत्रावरची फुगीर गोधडी

सुगी आटोपली की घरोघरी गोधडीसाठी जुनी लुगडी निघतात. नुसत्या लुगड्यांची गोधडी उबदार होते, पण चपटी राहते. यंत्रावर फुगीर नक्षी उठवायची असेल, तर आत काय घालायचे ते आधी ठरवावे.

पिंजलेला कापूस ऊब देतो, पण वापराने दबतो. टिपा दूरदूर असल्या तर धुताना त्याच्या गाठी होतात आणि सारी मेहनत वाया जाते. पॉलिएस्टरचा जाड तयार थर दाबला तरी पुन्हा फुगतो, वजनाला हलका असतो व लवकर वाळतो. मात्र ठिणगीने तो वितळतो. अशी गोधडी चूल-शेकोटीपासून दूर ठेवावी. खाली लुगड्याचा एक पदर आणि वर हा थर घेतला, तर नक्षी छान उठते.

सारे थर आधी कच्च्या टाक्यांनी जोडावेत. यंत्राचा टाका मोठा ठेवून, कापड दाबणाऱ्या पायाचा दाब कमी करावा. मधून कडेकडे शिवत जावे. दोन टिपांत चार बोटे अंतर असावे; दाट टिपांनी फुगवटा मरतो.

भगिनींनो, आधी वीतभर तुकडा शिवून, धुऊन पाहा. मगच आईच्या लुगड्याला कात्री लावा!