आयुःकाल, अल्पजीवी मूलकणांचा

आयुःकाल, अल्पजीवी मूलकणांचा : बहुतेक मूलकण अस्थिर असून क्षय पावून त्यांचे इतर, हलक्या कणांत रूपांतर होते. एखादा विशिष्ट कण केव्हा क्षय पावेल हे सांगता येत नाही. शिवाय कणाला वार्धक्य नसते. बराच काळ टिकलेल्या कणाची पुढील क्षणी क्षय पावण्याची संभाव्यता नवजात कणाइतकीच असते. म्हणून आयुःकाल ही असंख्य कणांवरून काढलेली सरासरी होय. तेवढ्या काळानंतर मूळ कणांपैकी सु. ३७ टक्के शिल्लक राहतात.

म्यूऑनाचा आयुःकाल सु. २.२ मायक्रोसेकंद असल्याने तो सरळ घड्याळाने मोजता येतो. विश्वकिरणांतील म्यूऑन द्रव्यात थांबताना एक विद्युत् स्पंद व त्याच्या क्षयातील इलेक्ट्रॉनामुळे दुसरा स्पंद मिळतो. दोहोंमधील कालांतर नोंदतात. म्यूऑन वातावरणात बराच उंचावर जन्मलेला असतो, परंतु त्याला वार्धक्य नसल्यामुळे तो थांबल्यापासून काल मोजला तरी चालते. फ्रांको राझेत्ती यांनी १९४१ मध्ये आणि ब्रूनो रॉसी व नॉरिस नेरेसन यांनी १९४२-४३ मध्ये असे मापन केले. ऋण म्यूऑन अणुकेंद्राकडून पकडले जाऊन लवकर नष्ट होतात, यामुळे अचूक मापनासाठी धन म्यूऑन घेतात. स्वित्झर्लंडमधील पाउल शेरर संस्थेतील प्रयोगात (निष्कर्ष प्रसिद्ध २०११) दहा लक्षांत एक भाग इतकी अचूकता साधली. दुर्बल परस्परक्रियेचे बल ठरविणारा फेर्मी स्थिरांक याच आकड्यावरून काढतात, म्हणून एवढा खटाटोप.

याहून अल्पजीवी कणांच्या बाबतीत काळाऐवजी अंतर मोजतात. प्रकाशवेगाजवळच्या वेगामुळे, सापेक्षता सिद्धांतानुसार, कणाचे आयुष्य प्रयोगशाळेत लांबलेले दिसते व त्याचा मार्ग मापनक्षम होतो. उदासीन पायॉनाचा आयुःकाल केवळ ८.४ × १०⁻¹⁷ सेकंद आहे. तरीही सर्न येथे १९८५ मध्ये दोन पातळ धातुपत्र्यांमधील अंतर बदलत जाऊन, मिलिमीटराच्या काही शतांशांएवढ्या त्याच्या मार्गावरून तो ठरविण्यात आला.

झेड कणाला तेवढेही अंतर कापता येत नाही. अनिश्चिततेच्या तत्त्वानुसार आयुःकाल जितका लहान, तितके कणाचे वस्तुमान अधिक पसरट. ऱ्हस्वित प्लांक स्थिरांकाला या ऊर्जा-रुंदीने भागले असता आयुःकाल मिळतो. झेडची रुंदी सु. २.५ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे आयुःकाल सु. २.६ × १०⁻²⁵ सेकंद. येथे खरे पाहता काळ मोजलेलाच नसतो. मात्र याच रुंदीवरून, १९८९ नंतर, हलके न्यूट्रिनो तीनच प्रकारचे असल्याचे निश्चित झाले.